कांताच्या मराठी ओळी

कांता मेश्राम नागपूरच्या इंदोऱ्यातली. वडिलांच्या भीमगीतांच्या पार्टीत ती लहानपणापासून गायची. लग्नानंतर ती अ‍ॅरिझोनात चँडलरला आली, संगणकाच्या चिप्सच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागली आणि गाणं सुटलं ते सुटलंच.

१९८४ मध्ये तिच्या शेजारी बसणाऱ्या लाननं टेक्सासला जायचं ठरवलं. लान मूळची व्हिएतनाममधल्या सायगावची. जेवणाच्या सुट्टीत ती एक जुनं फ्रेंच गाणं व्हिएतनामी शब्दांत गुणगुणायची. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मेक्सिकोच्या रोसाला तीच चाल स्पॅनिशमध्ये पाठ होती. फ्रेंच गाण्यातली बाई प्रियकराला थांब म्हणते, स्पॅनिशमधली त्याला चालता हो म्हणते आणि व्हिएतनामीत प्रियकरच नाही, मागे राहिलेलं शहर आहे, असं दोघींनी कांताला समजावलं होतं.

निरोपाचा केक कापल्यावर दोघी आपापल्या भाषेत गायल्या. मग लान म्हणाली, "कांता, आता तुझ्या भाषेत."

"माझ्या भाषेत हे गाणं नाहीच."

"मग तू कर."

कांतानं मान खाली घातली आणि सुचतील तसे शब्द चालीवर घातले. उद्यापासून रिकामी खुर्ची, एकटीनं उघडायचा डबा. पहिली ओळ तालात बसेना. दुसरीला मात्र तिचा आवाज मोकळा सुटला. अर्थ कुणालाच कळला नाही, पण लान डोळे पुसत राहिली.

लान गेली. तिचे फोनही हळूहळू कमी झाले. रोसा मात्र कामावर त्या मराठी ओळी वाटेल त्या उच्चारांत म्हणायची आणि कांता तिला एकेक शब्द सुधारून द्यायची.