दादाची खूण

दादाच्या कोंगा ड्रमचं कव्हर काढलं की अजून खोबरेल तेलाचा वास येतो. वाजवायच्या आधी तो तळव्यांना तेल चोळायचा. आम्हा तिघा भावंडांचा साल्सा बँड होता आणि हात वर करून गाणं थांबवायची खूण नेहमी तोच करायचा.

कोविडमध्ये दोन राज्यांमधली बॉर्डर बंद झाली तेव्हा दादा पलीकडे टूवूंबाला हॉस्पिटलमध्ये होता, आम्ही दोघी बहिणी सिडनीत. एका दुपारी गराजमधून व्हिडिओ कॉल लावून आम्ही वाजवायला बसलो. तो पलंगाच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरत होता.

"दमलास तर थांबूया का रे?" मीनलने विचारलं.

"वाजवा गं. मी सांगेन तेव्हा थांबा."

मध्येच ठेका थांबला, त्याचा चेहरा स्क्रीनवर हलेना. नेट अडकलं असेल असं वाटून, त्याचा हात वर व्हायची वाट बघत आम्ही वाजवतच राहिलो.