उंबरठ्यावर उभ्या बोकील मिस

बोकील मिसच्या गळ्यात लाल दोरीला अडकवलेली शिट्टी असायची, पण ती वाजलेली आमच्या शाळेत कोणी ऐकली नव्हती. शिट्टी वाजवायला तोंड रिकामं लागतं आणि मैदानावर पाय ठेवल्यापासून मिसचं तोंड कधी रिकामं नसायचं. पळणाऱ्या मुलीशी बोलायच्या, नुसत्या उभ्या असलेल्या मुलीशी जास्त बोलायच्या, चेंडूशी बोलायच्या. कुंपणावर कावळा येऊन बसला तर त्यालाही सोडायच्या नाहीत. "तू कोणत्या टीमचा रे? नाही ना? मग चूप बस."

आमची शाळा हिंदी मुलखातली, शहराच्या गढा भागातली, इंग्रजी माध्यमाची. प्रार्थना इंग्रजीत, भांडणं हिंदीत. मराठी फक्त घरी, आणि तिथेही आई मराठीत विचारायची नि मी हिंदीत उत्तर द्यायची. सहावीत पहिल्या पी.टी.च्या तासाला मिसनी नाव विचारलं. मी कसंबसं "ईशा देवधर" म्हटलं.

"देवधर? अच्छा, म्हणजे आपलीच. मग मान खाली घालून काहून उभी आहेस? जमिनीवर काही सांडलं का तुझं?"

वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींना मराठी कळत नव्हतं, तरी सगळ्या हसल्या. या बाईंच्या वाटेला जायचं नाही असं मी तिथेच ठरवलं. पण मिसची वाट टाळणं शक्य नव्हतं, कारण त्या स्वतःच सगळ्यांच्या वाटेत येत. आठवडाभरातच त्यांनी मला बेसबॉलच्या टीममध्ये घातलं. मला चेंडू नीट फेकता येत नव्हता, बॅट हातात धरली की मनगटं दुखत. मी तसं सांगितलं तर म्हणाल्या, "ते शिकवता येतं गं. बाकीच्या पोरी नुस्ता बॉल पाहून राहिल्या, तू माणसं पाहून राहिली. ते मला शिकवता नसतं आलं."

बेसबॉल त्यांनी आम्हाला ज्या भाषेत शिकवला ती कोणत्याही नियमांच्या पुस्तकात सापडणार नाही. फटका मारायचा, चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवरचे बेस शिवत फिरून यायचं आणि शेवटी जिथून निघालो त्या होम प्लेटला हात नाहीतर पाय लावायचा. तो एक रन. मधे कोणी चेंडू हातात धरून आपल्याला शिवलं तर आउट. होम प्लेटला मिस 'उंबरठा' म्हणायच्या. "सारं गाव फिरून ये, पण उंबरठा शिवला नाही तर घरी आली कुठं तू?" आणि कोणी प्लेटवर रेंगाळलेलं दिसलं की लांबून ओरडायच्या, "ए, उंबरठ्यावर उभं राहू नये! घरी सांगितलं नाही का कोणी?" सगळ्या मुली, कोणत्याही घरच्या असोत, टुणकन बाजूला उडी मारायच्या.

त्यांच्या बडबडीत एकच खंड पडायचा. निकाल लागायचा बाकी असेल तेव्हा मिस गप्प व्हायच्या. एकदा सरावात आमची कॅप्टन निधी आपण आउट झालो असं समजून बेसवरून निघाली आणि रमतगमत पाणी प्यायला जाऊ लागली. मिस ओठ मिटून बघत राहिल्या. मागून एका मुलीनं येऊन निधीला चेंडू लावला, तशी मिसची आरोळी उठली, "आऽऽउट! तुला जायला कोणी सांगितलं होतं? मी बोलले होते का? मी बोलले नाही ना अजून, तर खेळ चालू आहे!" निधी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मग मिसनी तिच्यासाठी खव्याची जलेबी आणली आणि पुडा तिच्या हातात कोंबत म्हणाल्या, "आउट वेगळं, जलेबी वेगळी. खा."

मी अकरावीत असताना मिसचं निवृत्तीचं वर्ष आलं. त्याच सुमारास प्रिन्सिपल मॅडमच्या मनात आलं की मिस गेल्यावर मैदानावर शाळेच्या बस उभ्या कराव्यात. मिस त्यांच्या ऑफिसात गेल्या. काय बोलणं झालं ते बाहेर व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होतं, पण फक्त एका बाजूचं. शेवटी ठरलं असं की शहरातल्याच सदर भागातल्या शाळेला आम्ही या वर्षी हरवलं तर टीम आणि मैदान दोन्ही राहील. सदरच्या मुली दर वर्षी आम्हाला हरवायच्या. मिस बाहेर आल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "चलो, पळा. काहून पाहून राहिल्या माझ्याकडे? मी थोडीच खेळणार आहे?"

सामन्याच्या सकाळी सिहोऱ्याहून यायचे अम्पायर आलेच नाहीत. त्यांची बस रस्त्यात बंद पडली होती. सदरच्या टीमचे कोच चौहान सर, फौजेतून निवृत्त झालेले, मिशांना पीळ देणारे. त्यांनीच तोडगा काढला. "बोकील मैडम को खड़ा कर दीजिए। अपनी लड़कियों को तो ये सबसे पहले आउट करती हैं।" मिस पदर खोचून, प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या.

शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. आमच्या दोघी बाद झाल्या होत्या. आणखी एक गेली की सामना बरोबरीत संपणार होता, आणि प्रिन्सिपल मॅडमनी 'हरवलं तर' असं म्हटलं होतं. रियानं फटका मारला, पहिल्या बेसवर पोचली आणि तिथेच पाय मुरगळून खाली बसली. तिच्या जागी पळायला कोणीतरी हवं होतं. निधीनं बाकावर नजर टाकली. बाकावर मी होते. फक्त मी. निधीचा चेहरा आठवला की मला अजून तिची दया येते.

मी पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिले. निधीनं बॅट फिरवली आणि चेंडू असा काही उडाला की तो सरळ पाहुण्यांच्या मंडपात शिरला आणि नाश्त्याच्या टेबलावरच्या पोह्यांच्या परातीत जाऊन रुतला. सदरची एक मुलगी मंडपाकडे धावली. तिला वाटलं खेळ थांबला, म्हणून तिनं ओरडून सांगितलं, "मैम, पोहे में गया!" मिस तिकडून गरजल्या, "तो निकालो! मैंने कुछ बोला क्या? चालू है!"

मी दुसरा बेस शिवला. मागे वळून पाहिलं तर ती मुलगी कोपरापर्यंत हात घालून पोहे उपसत होती आणि प्रिन्सिपल मॅडम स्वतःच्या बशीनं तिला मदत करत होत्या; त्या कोणाच्या बाजूनं आहेत याचा त्यांना विसर पडला असावा. मी तिसरा बेस शिवला. मागून निधी ओरडत होती, "भाग ईशा! भाग, मेरी माँ!" चेंडू बाहेर आला, शेव आणि कांद्यासकट, आणि होम प्लेटकडे उडाला. मी डोळे मिटले आणि पळाले.

आता पुढचं नीट सांगते, कारण त्यावरून गढा आणि सदर यांच्यात अजून वाद आहे.

उत्साहाच्या भरात मिस दोन पावलं पुढे आल्या होत्या आणि चक्क प्लेटवर उभ्या होत्या. माझा पाय प्लेटऐवजी त्यांच्या नडगीवर बसला. मी धडपडत पलीकडे गेले, वळले आणि वाकले. पाय लागला की हात जातो. त्यात विचार करायला वेळ नसतो. त्यांच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटाला हात लावून मी तो कपाळाला लावला. एवढ्यात सदरची कॅचर सिमरन चेंडू घेऊन माझ्यावर झेपावली, माझ्या पसरलेल्या पायात अडखळली आणि तिचा बूट माझ्या दंडाला लागला. "हाय, सॉरी सॉरी!" तिचा हात माझ्या दंडाला लागून तिच्या स्वतःच्या कपाळाकडे गेला. कपाळावर पोह्यांच्या हळदीचा पिवळाधमक टिळा उमटला. चेंडू मातीत पडला होता.

मग दोन्ही बाजूंनी एकच कल्ला झाला. आमच्या मुली 'सेफ', त्यांच्या मुली 'आउट'. प्रिन्सिपल मॅडम बशी हलवत ओरडत होत्या, "मिस बोकील, सेफ बोलिए ना! उसने हाथ लगाया, मैंने देखा!" चौहान सर मैदानात येत म्हणाले, "हाथ इनके जूते को लगाया है, मैडम! जूते का रन नहीं होता!"

मिसनी फक्त पाय उचलला आणि प्लेटवरून मागे झाल्या. त्यापलीकडे काही नाही.

मी बाकाकडे चालायला लागले होते. कोणी काही बोललं नाही की निकाल आपल्याविरुद्ध गेला असं मी धरून चालते. ती माझी जुनी सवय. दहाएक पावलं गेले असेन आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एवढ्या आवाजात एक आवाज नव्हता. मी वळून पाहिलं. मिस ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या, नजर समोर, हात मागे. कानशिलं लाल झाली होती. त्यांना बोलायचं होतं, सगळ्या मैदानात सर्वांत जास्त त्यांनाच बोलायचं होतं, आणि त्या बोलत नव्हत्या.

मिसचंच वाक्य: मी बोलले नाही ना अजून, तर खेळ चालू आहे!

मी परत पळाले. सिमरननं मला पाहिलं आणि चेंडूवर झडप घातली, पण तेलकट चेंडू साबणासारखा तिच्या हातातून निसटला. मी दोन्ही तळवे प्लेटवर आपटले.

"सेऽऽऽफ!"

मिसच्या आरोळीनं गेटबाहेर एका ऑटोनं ब्रेक मारला.

चौहान सर हात जोडून पुढे आले. "मैडम, जज आप, गवाह आप, और बीच में खड़ी भी आप! ये कहाँ का इन्साफ है?"

"खड़ी थी। गलती मेरी," मिस म्हणाल्या. "पैर गलत था, कॉल गलत नहीं। मेरे जूते का रन मैंने दिया क्या? नहीं दिया। बाद में बच्ची ने प्लेट छुई, वो रन दिया।"

"पर सिमरन ने उसके पहले छू लिया था!"

"हाथ में बॉल था क्या? उसी से पूछिए।"

सगळे सिमरनकडे वळले. ती कपाळावरच्या हळदीसकट सरळ उभी राहिली. एक शब्द बोलली असती तर सामना बरोबरीत सुटला असता. ती गोंधळून म्हणाली, "सर, बॉल हाथ में लेके कोई पैर छूने की माफी माँगता है क्या? मैंने पहले छोड़ दी थी।"

चौहान सरांची मिशी थरथरली. "इतने संस्कार किसने सिखाए तुमको?"

"आपने ही, सर।"

मग सर इतक्या जोरात हसले की त्यांना गुडघ्यांवर हात टेकावे लागले. मिस नडगी धरून प्लेटशेजारी मातीतच बसल्या. "नडगी फोडली गं पोरीनं! देवधर, पुढच्या वेळी आधी उंबरठा शिवायचा, मग पाया पडायचं. कळलं?" मी मान हलवली. "तोंडानं बोल नं!" "कळलं, मिस." मग उरलेले पोहे सगळ्यांनी मिळून खाल्ले. मधोमध चेंडूचा खड्डा तसाच होता. तिथून कोणी घेतले नाहीत.

शाळेच्या बस अजूनही गेटबाहेरच उभ्या राहतात.

मार्चमध्ये मिस निवृत्त झाल्या आणि अमरावतीला भावाकडे राहायला निघाल्या. मी आईबरोबर मदनमहल स्टेशनवर गेले. टीमही आली होती, आणि सिमरनसुद्धा. मिस सामान मोजणाऱ्या भाच्याशी बोलत होत्या, चहावाल्याशी बोलत होत्या, गाडी उशिरा का आली म्हणून इंजिनाच्या दिशेनं बोलत होत्या. मी वाकले तर त्यांनी पाय मागे घेतला. "उंबरठा कुठं आहे इथं? राहू दे." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि वर बघता येईना.

गाडी सुटायची वेळ झाली तशा त्या डब्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. एकीकडून निधी रडत म्हणाली, "मैम, बाय तो बोलिए!" आणि मिस गप्प झाल्या. ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर, हात मागे. कानशिलं लाल. गाडी हलली तरी त्या बोलल्या नाहीत.

स्टेशनावर गर्दी होती, आणि गर्दीत मी कधी मोठ्यानं बोलत नाही. मराठीत तर नाहीच. पण मी डब्याबरोबर पळायला लागले होते आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

"मिस! तुम्ही बोलला नाहीत अजून! आणि उंबरठ्यावर उभ्या आहात!"

हमाल थांबले, माणसं वळून बघायला लागली. मिस दचकून पायाखाली बघत टुणकन एक पाऊल आत सरल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. खांदे हसून गदगदत होते. शेवटचा डबा वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्यांनी ते हात काढले नाहीत.