मुलीचं म्हणणं ऐकलं का? हो!

फॉर्म भरायच्या नोकरीचा एक तोटा आहे. फॉर्मात जे बसत नाही ते सगळं डोक्यात साठत जातं, आणि मग टपरीवर मित्रांच्या माथी मारावं लागतं. घ्या.

मी नगरच्या एका छोट्या संस्थेत आहे. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, म्हणून इथं. युरोपातली एक संस्था तिकडच्या देशांत मुलांचे हक्क पाळले जातात का, यावर लक्ष ठेवते. त्यांचाच फॉर्म मराठीत करून आम्ही पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगारांच्या गावांत भरतो. मराठीत केला मी. म्हणजे तिथूनच बोंब!

*

एका गावात गेलो. पहिला प्रश्न : मुलाला खेळायला सुरक्षित जागा आहे का? आमचे सर साठीचे, चळवळीतून आलेले. असं तेच सांगतात. म्हणाले, "लिही, आहे. अख्खं माळरान मोकळंय."

"सर, तिथं परवा बिबट्या दिसलाय."

"मग पुढच्या प्रश्नालाही टिक कर. 'प्राण्यांचा सहवास मिळतो का?'"

केली. मोठा क्रांतिकारक ना मी!

*

त्याच गावची कोमल, आठवीतली. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जाणार. हिनंही यावं, धाकट्याला सांभाळावं, भाकरी टाकाव्यात, असं बापानं ठरवलेलं. हिला गावातल्या हंगामी वसतिगृहात राहून शिकायचं होतं.

मी तोंड गंभीर करून विचारलं, "शाळा सुटली की काय नुकसान होतं, माहितीये?"

"तुमी कितवीला सोडली, दादा?"

"मी... इंजिनिअरिंगला."

"का?"

"गणित राहिलं."

"मग परत बसायचं की! तुमाला कुनी ऊस तोडायला नेलं हुतं का?"

तिचा फॉर्म त्या दिवशी अर्धाच राहिला. माझा पूर्ण भरला गेला.

*

मग युरोपातल्या मॅडमचा व्हिडिओ कॉल. बाई कळकळीनं सांगत होत्या, "आमच्याकडेही मुलांबद्दलचे निर्णय मोठेच घेतात, मुलांना विचारायचं राहून जातं. म्हणून तर शेवटचा रकाना ठेवलाय."

मी मराठीत सांगितलं. सर खूश! "म्हणजे आपण युरोपच्या बरोबरीला आलो!"

मॅडमनी विचारलं, सर काय म्हणाले? मी सांगितलं, "त्यांना फार वाईट वाटलं."

*

गावात मुलांच्या संरक्षणासाठी समिती असते. तिच्यात दोन मुलंही हवीत. सरपंच आप्पांनी नावं दिली : एक त्यांचा मुलगा, एक पुतण्या. वयं एकोणतीस आणि एकतीस.

"आप्पा, ही पोरं आहेत?"

"मग! लगीन कुठं झालंय अजून त्यांचं?"

यावर समितीत कुणी हसलं नाही. मीही नाही. नावं टाईप केली.

*

आणि परवाची मीटिंग. विषय एकच : कोमल जाणार की राहणार? ग्रामपंचायतीत आप्पा, सर, बाकीची म्हातारी मंडळी आणि मी. दोन तास भाषणं. शेवटी ठरलं, लेकराला आईपासून तोडू नये. पाठवून द्यावं.

कोमल तिथंच होती. सगळ्यांना चहा देत होती.

सर म्हणाले, "शेवटचा रकाना भर. मुलीचं म्हणणं ऐकलं का?"

"सर, ऐकलं कुठं?"

"समोरच होती ना दोन तास? 'हो' लिही."

मी 'हो' लिहिलं. अक्षर पण छान आलं.

कोमल कप उचलता उचलता कागदाकडं बघत होती. म्हणाली, "दादा, मोबाईल द्या जरा. मावशीला लावते." घेऊन बाहेर गेली, पाच मिनिटांनी आणून दिला. लगेच वाजला. माझ्या मोबाईलचा कानातला आवाज गेलाय, सगळं स्पीकरवरच ऐकावं लागतं.

"चाइल्ड हेल्पलाइनवरून बोलतेय. आत्ता या नंबरवरून एका मुलीची तक्रार आली. तिला वसतिगृहात राहून शिकायचंय. तिला न विचारताच कुणीतरी कागदावर 'हो' लिहिलंय म्हणे. उद्या आमची माणसं गावात येतायत, तोवर तिला कुठं न्यायचं नाही. लिहिणाऱ्याचं नाव तिला माहीत नाही. तुम्ही ओळखता का त्याला?"

आप्पांनी कप खाली ठेवला. सर पंख्याकडं बघायला लागले. कोमल ट्रे घेऊन दारात उभी.

"चांगला ओळखतो, मॅडम," मी म्हणालो. "घ्या लिहून."