नाव पुकारल्यावर

आर्डेलिया स्प्रिग्ज म्हणजे वॉशिंग्टनच्या गरीब भाडेकरूंची वकीलबाई. भाऊ लुशियसच्या सलूनच्या वर तिची एका खोलीची कचेरी. घरमालकांचे वकील तिला वचकून असत.

त्या वसंतात राष्ट्राध्यक्षांनी एका बड्या वकिली फर्मवर फर्मान काढलं: यांच्या वकिलांना सरकारी इमारतींत पाऊल टाकू देऊ नका. गुन्हा एवढाच, की फर्मने राष्ट्राध्यक्षांच्या विरोधकांचं वकीलपत्र घेतलं होतं. फर्म कोर्टात गेली. तिच्या पाठिंब्याच्या अर्जावर इतर वकिलांच्या सह्या हव्या होत्या, पण भलेभले मूग गिळून बसले. आर्डेलियाने मात्र सही ठोकली आणि जेवायला खाली आली.

गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून लुशियस कडाडला, "ताई, अगं हत्ती शेपूट घालून बसलेत, तू कुठे मध्ये तडमडतेस? त्या फर्मवाल्यांनी तुला कधी कॉफी तरी विचारली का?"

"कसली कॉफी! एकदा मला टायपिस्ट समजून कागद हातात कोंबले होते मेल्यांनी."

"मग?"

तळलेल्या कोंबडीचं हाड तिने बशीत टाकलं.

"आमच्या कोर्टात रोज सकाळी भाडेकरूंची नावं पुकारतात. पुकारल्यावर कुणी उभं राहिलं नाही, की निकाल तिथेच लागतो. माणूस खरा की खोटा, कुणी विचारत नाही. घर जातं. आज त्यांचं नाव पुकारलंय, लुशियस. मी उभी राहिले."

लुशियसने वस्तरा पुसून खाली ठेवला.

"न्हाव्याची सही चालते का गं?"