कडेवरचं पोर

नायगावच्या बीडीडी चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दिवसाउजेडी दार लावून बसणारी बाई एकच होती, ती म्हणजे बकुळा. बाकीच्या खोल्यांची दारं सकाळी पाण्याच्या वेळेला उघडत ती निजेपर्यंत उघडी. मधल्या लांबलचक अंधाऱ्या पॅसेजमधून जाताना कुणाकडे काय शिजतंय ते नाकाला कळे आणि कोण कुणावर करवादतंय ते कानाला. बकुळाच्या दाराला मात्र आतून कडी. नवरा दत्ताराम चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी झाला म्हणून हिला ताठा आलाय, असं बायका म्हणत. "सेक्रेटरीणबाईंच्या दाराला बेल लावा आता," असंही नळावर कुणीतरी म्हणालं होतं. बकुळानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ताठ्यासाठी लागणारी ताकद तिच्यात उरलीच कुठे होती? तिचं पोर मिलिंद उघड्या दारातून रांगत पॅसेजमध्ये जाई आणि भिंतीला हात लावून उभा राही, एवढ्यासाठी ती कडी होती.

सत्तावन सालच्या फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी दत्ताराम परळच्या वर्कशॉपात कामाला गेल्यावर तिनं नेहमीसारखी नाचणीची पेज निववली आणि मिलिंदला मांडीवर घेतलं. तेरा महिन्यांचं पोर. अंगानं चांगलं भरलेलं, खालचे दोन आणि वरचे दोन दात आलेले. जावळ एवढं वाढलं होतं की कपाळावरून डोळ्यांत यायचं, म्हणून जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी घेऊन तिनं डोक्याच्या मध्यावर त्याची शेंडी बांधली होती. पेज अर्धी पोटात, अर्धी हनुवटीवर, असं चाललेलं असताना दारावर थाप पडली.

"वहिनी, जयभीम. मी रमाकांत."

रमाकांत तिसऱ्या मजल्यावरचा. रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झालेला, कमिटीच्या सगळ्या याद्या त्याच्या अक्षरात. बकुळानं पोराला कडेवर घेतलं आणि कडी काढली. त्याच्या हातात वही होती, कानावर पेन्सिल.

"रविवारी मैदानात संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचाराची सभा आहे ना, त्याच्या आधी सकाळी आपला कार्यक्रम ठेवलाय," तो म्हणाला. "चाळीतल्या ज्या पोरांची जावळं राहिलीत, त्या सगळ्यांची एकदम काढायची. नारळ नाही, कोंबडं नाही, कुठला देव नाही. वंदना घ्यायची आणि कात्री लावायची. अकरा पोरं झालीत. पहिलं नाव मिलिंदचं."

"त्यांना विचारा," बकुळा म्हणाली.

"दादांनीच दिलं की नाव. म्हणाले, सेक्रेटरीचं पोर पहिलं बसलं पाहिजे." रमाकांतनं मिलिंदची शेंडी बोटानं हलवली. मिलिंद खुदकन हसला. "काय वहिनी, घरातले देव समुद्रात सोडलेत, ते परत येऊन याच्या डोक्यावर बसले की काय?"

तो थट्टेत बोलला होता. त्याला काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण बकुळानं शेंडीवर हात ठेवून पोराला मागे घेतलं. रमाकांतनं वहीत खूण केली, मत समितीलाच द्यायचं याची आठवण केली आणि शेजारचं उघडं दार गाठलं. बकुळानं कडी लावली.

खरी गोष्ट अशी होती की त्या जावळावर नवस होता, आणि तो बकुळानंच बोललेला होता.

मिलिंदच्या आधी तिला दोन मुलं झाली होती. पहिली शेवंता, आठ महिन्यांची असताना छाती भरून गेली. दत्तारामची तेव्हा रात्रपाळी होती. तो सकाळी आला तेव्हा पोरीला नवं झबलं घालून ठेवलेलं होतं. दुसरा वामन. तो लवकर चालायला लागला, तेराव्या महिन्यातच. पहिली चार पावलं त्यानं ट्रंकेपासून चुलीपर्यंत टाकली आणि बकुळानं शेजारणींना बोलावून दाखवलं. दहा दिवसांनी त्याच्या अंगावर गोवर उठला, आणि पुढचे पाच दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. दत्ताराम भंडाऱ्याला गेला होता, पोटनिवडणुकीच्या कामाला. बाबासाहेब उभे होते, चाळीतली निम्मी माणसं गेली होती, तो घरी कसा राहणार? तार पोचून तो परतला तेव्हा वामनला पुरून दोन दिवस झाले होते. तो भिंतीकडे तोंड करून रडला. बकुळा त्याच्याकडे पाहत राहिली. तिचं रडू तोवर संपलं होतं.

मिलिंद जन्मला तो गोळीबाराच्या दिवसांत. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे कळल्यावर शहर पेटलं होतं. संचारबंदी होती आणि नाक्यावर पोलीस उभे होते. मोर्चाला म्हणून गेलेला दत्ताराम लालबागला अडकला तो दोन दिवस आलाच नाही. इस्पितळात जायचं तर गाडी नव्हती. खालच्या मजल्यावरच्या गंगुबाईनं बाळंतपण केलं. पोर बाहेर आलं ते निळं पडलेलं. रडेना. गंगुबाई त्याला पायाला धरून उलटं करून पाठीवर थापट्या मारत होती, बाहेर कुठेतरी गोळ्यांचे आवाज येत होते, आणि बकुळाच्या तोंडून शब्द गेले, "वाघजाई, एवढं पोर राख. ते आपल्या पायांनी चालत तुझ्या पायरीशी येईल. तोवर त्याच्या जावळाला कात्री लावणार नाही."

पोर रडलं. गंगुबाईच्या हातानं रडलं की वाघजाईच्या, हे कोण सांगणार?

त्याच सालच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर त्यांना अग्नी दिला, त्या लाखोंच्या गर्दीत मिलिंदला कडेवर घेऊन बकुळानं दत्तारामच्या शेजारी उभं राहून धम्माची दीक्षा घेतली. घशाला कोरड पडेपर्यंत तिनं एकेक शपथ उच्चारली. आठवड्यानं चाळीतल्या घराघरांतले देव टोपल्यांत भरून समुद्रावर नेले, तेव्हा देव्हाऱ्यातला वाघजाईचा टाक तिनं आपल्या हातानं पाण्यात सोडला. परतताना तिला हलकं वाटलं होतं. हे खोटं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या गावच्या ज्या देवीच्या देवळाची पायरीसुद्धा आपल्या माणसांना चढू दिली नाही, जिला खालूनच हात जोडायचे, तिचं ओझं आपण कशाला वागवलं, असं तिच्या मनात आलं. टाक गेला, देव्हाऱ्याच्या फळीवर चहासाखरेचे डबे आले. बोललेला नवस मात्र टोपलीत घालता आला नव्हता.

आणि मग मिलिंद उभा राहायला लागला.

सगळ्यात आधी त्यानं ट्रंकेची कडी धरली. मग खाटेचा पाय. मग एक दिवस दोन्ही हात सोडून क्षणभर तसाच उभा राहिला, स्वतःशीच हसत. त्या दिवशी बकुळानं त्याला धरून खाली बसवलं. हा चालला की वाघजाईचं देणं उभं राहणार, आणि ते फेडायचं तर शपथ मोडणार. आणि देणं-घेणं जाऊ दे, वामनही असाच ट्रंकेला धरून उभा राहिला होता.

त्या दिवसापासून तिनं पोराला खाली ठेवणं टाळलं. पाणी भरताना कडेवर, पोळ्या लाटताना मांडीखाली दाबून, कपडे धुताना पाठीला बांधून. शेजारच्या कमळाबाईंनी आपल्या नातवाचा पांगुळगाडा हौसेनं आणून दिला होता. तो ट्रंकेवर चढवून तिनं त्यावर गोधड्या रचल्या. घरात मोकळा सोडावाच लागला तर त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी द्यायचं, एकात पळी, एकात डब्याचं झाकण. दोन्ही हात भरले की पोर मटकन खाली बसतं, हे तिनं हेरलं होतं. पोर झाकणावर पळी बडवत बसे आणि बकुळा त्या आवाजात आपलं काम उरके. कंबर दुखून दुखून रात्री कूस बदलवत नसे. कुणी विचारलं तर सांगे, "पाय कच्चे आहेत अजून."

दुपारी गंगुबाई आली. रमाकांतची यादी तिच्या कानावर गेलीच होती. बसल्या बसल्या तिनं मिलिंदला ओढून घेतलं, पाय लांब करून त्यावर त्याला निजवलं आणि तेल मागितलं. तळपायांपासून मांड्यांपर्यंत ती चोळत गेली. तिचे हात म्हातारे झाले होते, पण थरथरत नव्हते.

"कच्चे म्हनतेस ते हेच का पाय?" ती म्हणाली.

बकुळा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी शंभरेक पोरं काढली, बकुळे. याच्या पोटऱ्या बघ. हा कवाच चालला असता. तू चालू देत नायस."

"असं काय बोलता, मावशी."

"मग काय बोलू? त्या दिवशी तू जे बोललीस ते मी आयकलं होतं. कान होते मला. कुनाला सांगितलं नाय, ते काय सांगायचं."

बकुळाच्या हातातलं सूप थांबलं. मिलिंद तेलकट मुठी तोंडात घालत होता.

"तुम्ही पण दीक्षा घेतलीत," बकुळा शेवटी म्हणाली. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मला काय विचारतेस गो. माजी पोरं मोठी हायत," गंगुबाई म्हणाली. "एक सांगते. पोराला देवीनं नाय रडवलं, मी रडवलं. हाताची साल निघाली होती थापट्या मारून. पन तू तेव्हा देवीला हाक मारलीस, त्याला मी चूक म्हननार नाय. घरात दुसरं होतं कोन हाक मारायला?" तिनं पोराला उचलून बकुळाच्या मांडीत दिलं. "दत्तारामला सांग. लपवून पोर पांगळं करशील."

ती गेल्यावर बकुळानं परत कडी लावली. संध्याकाळपर्यंत घरात पळी आणि झाकणाचा आवाज चालू राहिला.

दत्ताराम साडेसहाला आला. घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज आठवडाभर बसलेला होता. हातपाय धुऊन चहा घेतला की लगेच परळ नाक्यावरच्या कोपरासभेला जायचं होतं. पण मिलिंदला पाहून तो दाराशी उकिडवा बसला. पोर ट्रंकेला धरून उभं होतं. बकुळा स्टोव्हला पंप मारत होती, तिची पाठ होती.

"ये, ये, ये," दत्तारामनं घोगऱ्या आवाजात दोन्ही हात पसरले. "मिलिंदा, ये इकडे."

मिलिंदनं एक हात सोडला. मग दुसरा सोडला. उजवा पाय जमिनीवरून उचलला.

बकुळानं वळून पाहिलं आणि झडप घातल्यासारखं पोराला उचललं. पोरानं भोकाड पसरलं.

"का उचललंस?" दत्ताराम थक्क होऊन म्हणाला. "चालत होता की तो."

बकुळा पोराला थोपटत राहिली. दत्तारामनं ट्रंकेवरच्या गोधड्या पाहिल्या, त्यांच्या खालून डोकावणारं पांगुळगाड्याचं चाक पाहिलं. मग तिनं सांगितलं. इकडचं तिकडचं न करता, जे बोलली होती ते शब्द जसेच्या तसे सांगितले. स्टोव्ह तसाच थंड राहिला.

"माझ्या शेजारी उभी राहून शपथ घेतलीस," दत्ताराम म्हणाला.

"घेतली. मनापासून घेतली."

"आणि हे पोटात ठेवून घेतलीस. मी लोकांच्या घरी जाऊन सांगतो, देव काढा, नवस-सायास सोडा. आणि माझ्याच घरात..." त्याचा आवाज चिरकला. तो जरा थांबला. "वामनला गोवर झाला होता, बकुळा. गोवर चालण्यानं होत नाही. केसांनीही होत नाही."

"ते मला कळतं. तुम्ही वाचून दाखवता ते सगळं कळतं. वाघजाई काय करणार नाही, हेही कळतं." ती पोराच्या शेंडीवरून हात फिरवत होती. "शेवंता गेली तेव्हा तुम्ही पाळीवर होता. वामन गेला तेव्हा भंडाऱ्याला. हा आला तेव्हा लालबागला. तुमची कामं खोटी होती असं मी म्हणत नाही. पण तिन्ही वेळा या खोलीत मी एकटी होते. पोराकडे बघत बसायचं आणि वाट बघायची. एकट्या माणसाला मग काहीही सुचतं."

पॅसेजमध्ये रमाकांतनं हाक दिली, "दादा, निघायचं ना?" दत्तारामनं दार अर्धं उघडून हातानंच थांब म्हणून खूण केली आणि परत आत वळला. रागावलेला माणूस रागावायचं विसरला की जसा दिसतो, तसा तो दिसत होता.

"मग रविवारचं काय करायचं?" त्यानं विचारलं. "नाव काढून टाकू म्हणतेस?"

"नको. पहिलं बसवा. मीच मांडीवर घेऊन बसते." तिनं पोराला जमिनीवर उभं केलं, पण त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले. मिलिंद गुडघे वाकवून नाचायला लागला. ती खाली त्याच्या पावलांकडेच पाहत बोलली.

"केस कापल्यावर पंधरा दिवस संध्याकाळी सभेला जाऊ नका. कामावरून थेट घरी या. हा चालायला लागेल तेव्हा तुम्ही या खोलीत पाहिजे."