मोरचूद नसलेली खळ

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे खळवाली म्हणत. मैद्याची खळ शिजवावी तर तिनंच. औषधालासुद्धा गाठ सापडायची नाही. खाली उतरवताना मोरचुदाची चिमूट टाकायची, म्हणजे कागदाला कसर लागत नाही, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं.

चित्रं काढायला मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. कारखान्यातल्या चिंध्या, दोरे, पुठ्ठ्याचे तुकडे घरी आणायची आणि त्यांचे चेहरे करायची. नवरा म्हणे, "आधीच घरात पाय ठेवायला जागा नाही, त्यात ही भिंतीवर माणसं वाढवतेय!" पण पुठ्ठे तोच कापून द्यायचा.

ती रांगत होती तेव्हाच आई गेली. मागे राहिला एकच फोटो, आणि मावशीचं पालुपद, "अगदी आईवर गेलीस हो!" आपण कोण, याचा तिच्याकडे तेवढाच पुरावा. मग तिनं एका चित्रात अर्धा चेहरा स्वतःचा केला, कारखान्यातल्या खळीनं, आणि अर्धा आईचा. तिथे फोटोची नक्कल लावायला मन धजेना. मूळ फोटोच लावला. मोरचुदाची निळसर झाक आईच्या गालावर नको, म्हणून ती बाजू घरच्या साध्या खळीनं चिकटवली. सगळं कळत असून केलं. माया अशीच वेडी असते, दुसरं काय!

चित्र प्रदर्शनात लागलं. मावशीला घेऊन ती कौतुकानं बघायला गेली, तर काचेआड आईच्या कपाळावरून काहीतरी रुपेरी सरकलं. कसर!

"साहेब, चौकट उघडा, फोटो खातेय ती!"

व्यवस्थापक हसले. "बाई, चित्रं इथून पुढच्या गावाला जायचीत. मध्येच चौकट उघडता येत नाही. आणि खरं सांगू? त्या भोकांनी रंगत आलीय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात काचेकडे गेला, तोच पहारेकरी खेकसला, "हात लावू नका!" आपल्याच आईला हात लावायची चोरी. ती रडत घरी आली.

चित्र परत आलं तेव्हा तिची बाजू जशीच्या तशी होती. आईच्या बाजूला ना डोळा, ना हनुवटी, नुसता भुगा.

"मावशी, आई नेमकी दिसायची कशी गं?"

मावशीनं चष्मा पुसला. चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"फार वर्षं झाली गं," ती चाचरत म्हणाली. "तुझ्यासारखीच असेल."