अंबाडीची चुलत बहीण

पुंजाराम हट्टी माणूस. परभणीहून बोईसरच्या एका कारखान्यात आला, तीस वर्षं पाळ्या केल्या, निवृत्त झाला. पण बायकोच्या बाबतीत कुणाचं ऐकेल तर शपथ. पोरगा दिग्विजय पुण्याहून दर रविवारी फोनवर सांगायचा, "बाबा, आईला डॉक्टरला दाखवा. तिच्या काही लक्षात राहत नाही." पुंजारामचं उत्तर ठरलेलं, "तिला सगळी झाडं ओळखू येतात. डोकं गेलेल्या माणसाला येतील का?"

मैनाबाईची झाड ओळखायची रीत शेतातली. पान तोडायचं, चावायचं, थुंकायचं आणि मगच बोलायचं. दोन वर्षांपूर्वी पालघरजवळच्या माहीमचा बागायतदार कृष्णकांत मोठ्या जास्वंदीची दोन रोपं घेऊन आला, तेव्हा पुंजारामचा विश्वास बसेना. जास्वंदीचं पान कसं चकचकीत असतं. हे मळकट, हाताच्या बोटांसारखं फाटलेलं.

"फूल ताटाएवडं येते," कृष्णकांत म्हणाला. "ऊन नि पाणी भरपूर पायजे. थंडीत सगळं सुकते, पण उपटू नको. मुळात जीव हाय."

मैनाबाईने पान चावलं. "अंबाडीची चुलत बहीण हाय. पण आंबट न्हाई. भाजीला घ्यायची न्हाई."

गणपतीत पहिलं फूल आलं. गुलाबी, मध्ये गडद लाल डोळा. मूर्तीसमोर ठेवलं तर बाप्पाच दिसेना, आणि संध्याकाळपर्यंत मिटूनही गेलं. थंडीत झाडं वाळून काड्या झाल्या. पुंजाराम उपटायला वाकला, तशी मैनाबाईने त्याचा हात धरला, बुंधा नखाने खरवडून आतला हिरवा पदर दाखवला आणि वीतभर ठेवून वरचं छाटायला लावलं. चैत्रात कोंब फुटले. पुंजारामने पोराला मुद्दाम फोन करून ते ऐकवलं. त्याच आठवड्यात ती दोनदा गॅस चालू ठेवून शेजारी जाऊन बसली होती, ते मात्र ऐकवलं नाही. सकाळचा चहा तेव्हापासून तो स्वतः करू लागला. कुणी विचारलंच तर म्हणायचा, हौस आहे.

यंदाही छाटणीनंतर कोंब आले, गुडघ्याएवढे झाले. एका दुपारी तो बाजारातून परतला तर अंगणात दोन्ही बुंधे बोडके. वर एक पान नाही.

घरात लसणाच्या फोडणीचा वास सुटला होता. मैनाबाईने ताट वाढलं. "अंगणातली अंबाडी केली आज. लई कवळी होती."

झाडांचं त्याला काही वाटलं नाही. मुळं शाबूत होती, पुन्हा फुटली असती. ती थट्टा करतेय असं समजून त्याने घास घेतला. आंबटपणाचा लवलेश नाही, भेंडीसारखी नुसती बुळबुळीत. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती मन लावून जेवत होती.

"आंबट झालीया न्हवं?" ती म्हणाली.

जन्मभर अंबाडी खुडलेली बाई ही. त्याला रडू येत होतं, आणि स्वतःचा संतापही. वर्षभर तो पोराला फसवत होता. पोराला कसलं, स्वतःलाच. ताट सारून तो उठला. रविवार नव्हता, तरी त्याने दिग्विजयला फोन लावला.

"डॉक्टरची वेळ घे," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी त्याने तिचं ठेवणीतलं लुगडं काढून दिलं. ती निऱ्या करता करता म्हणाली, "कुठं जायचंय?"

"पालघरला. डॉक्टरकडं."

"कुणाला बरं न्हाई?"

रिक्षा दारात उभी होती. पुंजारामने चपला घातल्या, पुन्हा काढल्या.

"मला," तो म्हणाला.

निऱ्या तशाच धरून ती जवळ आली. त्याच्या कपाळाला, मग गळ्याला हात लावून बघितला.

"मग इतके दिवस लपवलं कशाला?" ती म्हणाली.